पेन्सिलीएवढं भोक

लेंडी ओळखता आल्याशिवाय उंदराच्या मागे लागू नये. घरातल्या लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळी आणि दोन्ही टोकांना निमुळती. ताजी असली तर चकाकते, काडीने दाबली की मऊ लागते. शिळी झाली की राखाडी पडते आणि दाबताच तिचा भुगा होतो. पालीची लेंडीही साधारण याच मापाची, पण तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. झुरळाची पुष्कळ बारीक. वाशांवरून पळणाऱ्या काळ्या उंदराची चांगली अर्धा इंच लांब. चिचुंद्री असेल तर तिचा उग्र दर्प लेंडी दिसण्याआधीच नाकात जातो. गिरगावातल्या मावशीच्या मोरीत, कपडे धुण्याच्या दगडामागे, यातले बहुतेक नमुने शेजारी शेजारी पडलेले होते.

ते मला दाखवत होते तळमजल्यावरचे काका. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीचे मूषक संहारक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि शहर झोपलं की घरगल्ल्या, मंडया, गोदामांच्या मागच्या बाजू. रात्रीला 30 उंदरांचं लक्ष्य, आणि सकाळी मारलेले उंदीर मोजून द्यायचे. निवृत्त झाल्यावर चाळीत कुणाकडे उंदीर झाले की त्यांना हाक जाते. ते येतात, आणि पहिली गोष्ट करतात ती म्हणजे जमिनीवर बसतात.

"बाय, उभ्याने उंदीर दिसत नाही," ते मला म्हणाले. "खाली बस. लादीला गाल लावून बघ."

लादीला गाल लावल्यावर ओळखीची खोली अनोळखी होते. ओट्याखालचा अंधार, सिलिंडरच्या मागची भिंत, फडताळाच्या पायाशी राहिलेली फट, दाराच्या उंबऱ्यावर झिजून पडलेली खाच, मोरीच्या नळाभोवती सिमेंट निखळून झालेलं कडं. उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. चाळ लाकडी सांगाड्याची, सागवानी खांबांची, पुढे सामाईक गॅलरी आणि मागे घरगल्ली. मधल्या भिंती कितीदा फोडल्या नि बुजवल्या त्याचा हिशेब कुणाकडे नाही. त्यात शेजारची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तिथले उंदीर साहजिकच या चाळीत सरकले, आणि पावसाने घरगल्लीतली बिळं भरल्यावर वरच्या मजल्यांवर आले. मावशीचं घर म्हणजे डबा उचलला तरी खाली धुळीचं वर्तुळ सापडायचं नाही. तिला या लेंड्यांचा फार अपमान वाटत होता. काकांनी तिला एकच सांगितलं, "वहिनी, तुमच्या स्वच्छतेचा यात दोष नाही. वाट आहे म्हणून तो आला."

त्या रात्री काकांनी मावशीकडून रांगोळीचा डबा मागून घेतला. चहाच्या गाळणीतून रांगोळी गाळत त्यांनी भिंतीच्या कडेने वीतभर रुंद पट्टे टाकले: मोरीच्या तोंडाशी, ओट्याखाली, फडताळासमोर, पोटमाळ्याच्या शिडीच्या पायाशी, दाराजवळ, आणि एक पट्टा खोलीच्या मधोमध. थर इतका पातळ की लादीचा रंग खालून दिसत होता. जाड टाकली तर पाय रुततो आणि ठसा मोडतो, म्हणून गाळणी. उष्टी भांडी घासून पालथी घातली, केराची बादली गॅलरीत नेली, दिवे मालवले.

सकाळी दुधवाला यायच्या आधी आम्ही पुन्हा लादीवर बसलो. काकांनी बॅटरी सरळ वरून न मारता जमिनीलगत आडवी धरली. आडव्या उजेडात प्रत्येक ठशाला सावली पडते, आणि एरवी नुसती पुसट खरवड वाटणारी जागा वाचता येते. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्या पायाची पाच, आणि अधूनमधून शेपटीची बारीक रेघ. ठसे मोरीकडून आले होते, भिंत न सोडता ओट्याखालून सिलिंडरमागे गेले होते, तिथे थोडी धावपळ झाली होती, मग फडताळाच्या पायाशी येऊन संपले होते. खोलीच्या मधोमध टाकलेल्या पट्ट्यावर एकही ठसा नव्हता. उंदराला दूरचं नीट दिसत नाही. मिशा आणि अंगावरचे लांब केस भिंतीला घासत तो चालतो, आणि एकदा पाठ झालेली वाट सहसा सोडत नाही.

फडताळापाशी ठसे संपले म्हणजे उंदीर वर गेला होता. चाळीत अजून जुनी वायरिंग आहे, भिंतीवर लाकडी पट्ट्या मारून त्यातून तारा नेलेल्या. त्या पट्टीच्या कडेवर, जमिनीपासून पोटमाळ्यापर्यंत, काळपट तेलकट डाग होता. रोज त्याच जागी अंग घासून तो पडतो. मी त्याला आजवर जुनाटपणा समजत आले होते. काकांनी बोट फिरवून बघितलं. बोटाला चिकट लागलं. "चालू रस्ता," ते म्हणाले. डाग कोरडा आणि धुळीने भरलेला असेल तर तो रस्ता सुटलेला असतो.

दाराजवळच्या पट्ट्यावर मात्र दुसरेच ठसे होते. पुढच्या पायालाही पाच बोटं. ते बघून काकांचा चेहरा सैलावला. ती चिचुंद्री. लांब सोंडेसारखं नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, आणि रात्री भिंतीच्या कडेने जाताना तिचा चिकचिक आवाज. तिची गणना उंदरांत होत नाही. ती कीटक खाणाऱ्या प्राण्यांतली, झुरळांवर जगणारी. गॅलरीतून येऊन मोरीतली झुरळं खाऊन ती परत जात होती. घराघरात उंदीर म्हणून जिला झाडूने मारतात ती बऱ्याचदा हीच असते, आणि ती मेली की झुरळं वाढतात. काकांनी दाराजवळ सापळा लावू दिला नाही.

ज्या शहरात काका हे काम करत आले त्या शहराने उंदराची किंमत फार मोठी मोजली आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मांडवी गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढल्या वर्षभरात प्लेग पुण्यात गेला, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण रोग उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. घरं धुतली, भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या, माणसांना बळाने हलवलं, गटारांत औषधं ओतली. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, तेही बराच काळ कुणी मानलं नाही. शेवटी 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या चाळींतून झालेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. मोकळे सोडलेले प्लेगने मेले, पिसवा पोचणार नाहीत अशा बेताने ठेवलेले वाचले.

शास्त्रज्ञांना हे कळायच्या आधीही गावोगावची माणसं उंदरांकडे बघून निर्णय घेत होती. उंदीर पडायला लागले, म्हणजे वाशांवरून टपाटप मरून खाली येऊ लागले, की घरदार बंद करून माळावर झोपड्या बांधायच्या. मावशीच्या सासरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हे नेहमी यायचं. प्लेगची पिसू मेलेल्या उंदराचं थंड अंग सोडून दुसरं ऊबदार अंग शोधते. घर सोडणं हा त्या काळात हाताशी असलेला सगळ्यात शहाणा उपाय होता.

मला या इतिहासातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणं, उजेड-वारा येईल अशा चाळी बांधणं हे त्याचं काम. ट्रस्टने पुष्कळ घरं पाडली, पुष्कळ गरिबांना बेघर केलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण रोगाचं मूळ माणसाच्या जातीत किंवा सवयीत नसून इमारतीत, तिच्या अंधाऱ्या पोकळ्यांत आणि बुजलेल्या गटारांत आहे, हा विचार त्यामागे होता. काका तेच सांगत होते. त्यांच्या काठीने नोकरीभर उंदीर मारले, आणि तरीही त्यांचं मत असं की नुसत्या मारण्याने उंदीर कमी होत नाहीत. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत पुन्हा वीण करायला तयार. मारलेल्याची जागा भरायला वेळ लागत नाही. जागाच उरली नाही तर गोष्ट वेगळी.

जागा म्हणजे वाट आणि अन्न. अन्नाचा प्रश्न मावशीला पटवणं कठीण गेलं, कारण तिच्या दृष्टीने घरात उघडं काहीच नव्हतं. पण उंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम पुरतात, आणि दाणे मिळाले तर तो पाण्यावाचूनही निभावतो. काकांनी बसल्या जागेवरून बोट दाखवत यादी केली. सिलिंडरमागे सांडलेली चिमूटभर कणीक. देव्हाऱ्यातल्या निरांजनातली तुपात भिजलेली वात. ती रोज सकाळी गायब असायची आणि मावशीला वाटायचं पूर्ण जळाली. मोरीतला साबण, ज्याच्या कडेला दोन-दोन दातांच्या खोबणी होत्या. पोटमाळ्यावर बियाण्यासाठी म्हणून गावाहून आणून ठेवलेले पावटे. आणि सगळ्यात मोठं, गॅलरीत कबुतरांसाठी रोज टाकली जाणारी ज्वारी. ती टाकायचे शेजारचे आजोबा, श्रद्धेने. काकांनी त्यांना वाद न घालता रात्री अकरा वाजता गॅलरीत बोलावलं आणि बॅटरी मारून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बंद झाली.

गणपती तोंडावर आले होते आणि मावशीच्या मनात वेगळीच कालवाकालव होती. ज्याच्या पायाशी मूषक बसतो त्याला घरात आणायचं आणि त्याच सुमारास घरात सापळे मांडायचे. तिने ते काकांना बोलून दाखवलं. काका म्हणाले, "नैवेद्याच्या मोदकाला तोंड लागलं तर तुम्हाला आवडेल का?" तिला ते पुरलं.

सापळे दोन तऱ्हेचे होते. एक तारेचा पिंजरा, आत आकडा, आकडा ओढला की मागचं दार पडतं. दुसरा लाकडी फळीवरचा चाप. मोठ्या उंदराला नव्या वस्तूचा संशय येतो, म्हणून त्याच्यासाठी पिंजरा काही रात्री उघडाच ठेवून त्यात खायला घालायचं असतं. लहान उंदीर उलट चौकस. नवीन दिसलं की हुंगून बघायला येतो. म्हणून त्याच्यासाठी पहिल्याच रात्री जितके चाप मिळतील तितके एकदम लावायचे. एकच चाप आणून रोज जागा बदलत बसण्यात उंदीर शहाणे होतात.

आमिष म्हणून चाळीत पिढ्यान् पिढ्या भजी चालत आली आहेत. आकड्याला भजं छान बसतं आणि वास दूर जातो, पण पावसाळी हवेत ते सकाळपर्यंत लिबलिबीत होतं आणि लहान उंदीर कडेकडेने कुरतडून चाप न उडवता निघून जातो. काकांनी मावशीला शेंगदाण्याचा कूट आणि किसलेला गूळ एकत्र मळायला सांगितला. चिकट गोळा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, चापाच्या पत्र्याच्या खोबणीत अंगठ्याने दाबून बसवायचा. ओढल्याशिवाय सुटू नये एवढाच. जास्त लावलं तर तो चापाबाहेर उभा राहून खातो. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. भिंतीला समांतर ठेवला तर उंदीर त्याच्या पाठीवरून निघून जातो. सिलिंडरमागे, फडताळाच्या पायाशी, वायरपट्टीच्या वरच्या तोंडाशी, अशा दोन-तीन हातांवर एकेक. रांगोळीने दाखवलेल्या जागा सोडून कुठेच नाही.

पहिल्या रात्री झोप लागलेली असतानाच चाप वाजला. थोड्या वेळाने दुसरा. तो आवाज मला आवडला नाही, आजही आवडत नाही. पण चापाची तार मानेवर बरोबर बसली तर मरण क्षणात येतं, आणि ती तशी बसावी म्हणून चाप घट्ट, नवा आणि नीट लावलेला असणं ही लावणाऱ्याची जबाबदारी आहे. ढिला, गंजलेला चाप वापरू नये. पिंजऱ्यात जिवंत सापडलेला उंदीर समोरच्या चाळीच्या आवारात सोडून येणाऱ्यांना दया केल्यासारखं वाटतं. तो एकतर परत येतो, किंवा दुसऱ्याच्या घरात जातो, किंवा अनोळखी जागी घार-मांजराच्या तोंडी पडतो.

पोटमाळ्यावर घर सापडलं. ट्रंकेच्या मागे जुन्या आकाशकंदिलाचा खोका होता. कंदिलाचा तांबडा, हिरवा, पिवळा कागद बारीक चिंध्या करून, त्यात गोधडीतला कापूस मिसळून, मुठीएवढा गोळा केलेला. कागदाची प्रत्येक चिंधी जवळपास सारख्या रुंदीची होती. आत पिल्लं होती, डोळे न उघडलेली. आई आदल्या रात्रीच चापात गेली होती. काकांनी मला आणि मावशीला खाली जायला सांगितलं. मी गेले नाही, कारण हे काम बघायचं ठरवलं होतं. त्यांनी ते पटकन केलं, पिशवी बांधली, हात धुतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आईवाचून ती पिल्लं उपासमारीने तासन् तास तडफडत मेली असती. या कामात हळवेपणाला जागा आहे, पण तो कामाच्या आधी दाखवायचा असतो. अन्न आणि वाट वेळेवर बंद केली असती तर वीणच झाली नसती.

विषाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण दुकानात गेलं की पहिल्यांदा तेच हातात ठेवतात. निळ्या-हिरव्या वड्यांमधलं ब्रोमाडायोलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर खाऊन लगेच मरत नाही, तीन-चार दिवस ते आठवडा हिंडतो, मग आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो असं दुकानदार खात्रीने सांगतात. त्यात तथ्य नाही. अशक्त झालेला उंदीर आपल्या बिळातच पडतो. लाकडी चाळीत ते बीळ दोन भिंतींच्या मध्ये किंवा फळ्यांच्या खाली असतं. वास येत राहतो आणि काढायला जागा नसते. शिवाय तो अर्धमेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने उचलला तर विष त्यांच्या पोटात जातं. जे प्राणी आपलं काम फुकट करतात त्यांनाच आपण मारतो. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी वायू सोडते, आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते. या दोन्हींवर उतारा नाही. लहान मुलं असलेल्या घरात ती आणूच नये, आणि चुकून कुणाच्या पोटात गेलीच तर वेष्टणासकट थेट रुग्णालय गाठावं, घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये.

गोंदाच्या पाटीबद्दल तर माझं मत ठाम आहे. चिकटलेला उंदीर तहानेने, धडपडीने, कधी स्वतःचा पाय कुरतडून तासन् तास मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्या पाट्यांविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. मावशीच्या मजल्यावर एकाकडे तशी पाटी होती आणि तिच्यावर पाल, दोन झुरळं आणि चिमणीचं पीस चिकटलेलं होतं. काकांनी ती पाल खोबरेल तेल चोळून सोडवली. आवाज करून उंदीर पळवणारं प्लगमधलं यंत्रही त्याच घरात होतं. त्याच्या मागेच लेंड्या होत्या.

आत सापडणारे उंदीर संपत आले तसं खरं काम सुरू झालं. काकांनी मावशीच्या नातवाच्या दप्तरातून एक पेन्सिल घेतली. ज्या भोकात पेन्सिल जाते त्यात लहान उंदीर जातो, कारण त्याची कवटी गेली की अंग मागोमाग जातं. अंगठा जाईल त्या भोकातून मोठा. पेन्सिल हातात घेऊन आम्ही सगळी खोली पालथी घातली आणि जिथे ती शिरली तिथे खडूने फुली मारली. फुल्या इतक्या झाल्या की मावशी खुर्चीवर बसली. नळाचा पाइप भिंतीतून जातो तिथे, वायरपट्टीच्या दोन्ही टोकांना, मोरीच्या जाळीचा एक गज तुटलेला तिथे, फडताळाच्या मागची फळी वाळून सुटलेली तिथे, गॅलरीच्या दाराखाली, केबलवाल्याने तार नेण्यासाठी पाडलेल्या आणि न बुजवलेल्या भोकात.

बुजवायला काय वापरायचं यात दात महत्त्वाचे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या फक्त पुढच्या बाजूला टणक लुकण असतं, मागची बाजू मऊ, त्यामुळे कुरतडताना मागचा भाग झिजतो आणि पुढची धार आपोआप लागत राहते. लाकूड, प्लास्टिक, रबर, फुगणारा फोम, कच्चं सिमेंट, सगळं तो फोडतो. भांडी घासायची तारेची घासणी मात्र त्याला नकोशी होते. तारा दातांत अडकतात. काकांनी घासण्या ओढून सैल केल्या, स्क्रू ड्रायव्हरने भोकात कोंबल्या, आणि वरून गवंड्याने सिमेंट लिंपलं. नुसती घासणी ओढून बाहेर काढता येते, नुसतं सिमेंट ओलं असतानाच खणलं जातं. दोन्ही मिळून टिकतं. जुने गवंडी सिमेंटात काचेचा चुरा घालतात, तोही चालतो, पण मुलांचे हात लागतील तिथे नको. मोरीला पाव इंचाहून बारीक जाळी, दाराखाली जस्ती पत्र्याची पट्टी. सगळी भोकं बुजवून चालू रस्त्याचं एक भोक तेवढं दोन-तीन रात्री मोकळं ठेवलं आणि त्याच्या तोंडाशी चाप लावले. आत कुणी उरलं असेल तर ते भिंतीत कोंडून मरू नये म्हणून. रांगोळीवर ठसे उमटेनासे झाले तेव्हा ते भोकही बंद केलं.

मग सफाई. कोरडा झाडू मारायचा नाही, लेंड्यांची धूळ श्वासात जाते. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून लेंड्यांवर शिंपडायचं, पाच-दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग जुन्या कागदाने उचलून पिशवीत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने किती माणसं गेली ते काकांनी जवळून पाहिलं होतं. उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा तो जंतू पायाच्या साध्या चिरेतून शिरतो. म्हणून मोरीत अनवाणी उभं राहू नका, हे ते मावशीला इतक्यांदा सांगत राहिले की तिने त्यांच्यासमोर चप्पल घालून दाखवली.

मावशीची खोली बंद झाली आणि आठवड्याच्या आत डावीकडच्या बिऱ्हाडात लेंड्या दिसायला लागल्या. काकांना ते अपेक्षित होतं. उंदराचं एक आयुष्य आठ-दहा मीटरांत संपतं, आणि चाळीतली एक खोली बंद केली तर तो त्या दहा मीटरांतल्या दुसऱ्या खोलीत जातो. म्हणून त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना गॅलरीत जमवलं. सिमेंट, जाळी, पत्रा, गवंड्याची मजुरी असा खर्च बिऱ्हाडांत वाटला गेला. ज्या आजोबांनी ज्वारी बंद केली होती त्यांनी सगळ्यात आधी पैसे काढले. डावीकडच्या बिऱ्हाडात रांगोळी टाकायचं काम माझ्याकडे आलं, आणि तिथे वाट पूर्णपणे वेगळी निघाली: मोरी बंद होती, उंदीर छताच्या बाजूने, तुळईच्या खाचेतून येत होते. सुताराला बोलावून त्या खाचेवर पत्रा ठोकला.

घरगल्लीत उतरणारा सांडपाण्याचा पाइप आणि त्याच्या कडेची फुटलेली गटारझाकणं दुरुस्त झाली आहेत. राहिलंय तळमजल्यावरचं किराणा दुकान. त्याचं शटर जमिनीला टेकत नाही, लादी खचल्यामुळे उजव्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाची फट राहते, आणि आत तांदळाची पोती. रबरी पट्टी लावून उपयोग नाही. लादीच सारखी करून शटरच्या खाली लोखंडी पट्टी वेल्ड करावी लागणार आहे. दुकानदाराने रविवारी दुपारी शटर ओढून ठेवायचं कबूल केलं आहे, आणि पोती भिंतीपासून हातभर पुढे, फळ्यांवर रचून द्यायला काकांनी चाळीतली चार पोरं सांगून ठेवली आहेत.